अर्धं वचन

प्रायश्चित्तकाळाचा पहिला रविवार. कॅथलिक चर्चचा वाचनक्रम तीन वर्षांचा असतो. त्यातल्या तिसऱ्या, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाच्या वर्षी या दिवशी एक गोष्ट घडते, ती मनातून जाता जात नाही. पहिलं वाचन झालं की सभा ९१वं स्तोत्र गाते. देवदूत तुला हातांवर झेलतील, तुझ्या पायाला धोंड्याची ठेच लागू देणार नाहीत. चाल संथ असते, राखेच्या बुधवारची राख चारच दिवसांपूर्वी कपाळावरून पुसलेली असते, आणि म्हातारी माणसं पुस्तक न उघडता गात असतात. मग दुसरं वाचन होतं, शुभवर्तमानासाठी सगळे उभे राहतात, आणि आत्ताच गायलेले शब्द पुन्हा कानांवर येतात. या वेळी ते सैतानाच्या तोंडचे असतात. रानात ४० दिवस उपाशी असलेल्या येशूला तो तीनदा मोहात पाडू बघतो: धोंड्याची भाकर कर, मला नमन कर म्हणजे जगातली राज्यं देतो, मंदिराच्या टोकावरून खाली उडी टाक, देवदूत झेलतील.

कुणी दचकत नाही.

दचकायला हवं असं मला वाटतं, कारण हे स्तोत्र आपल्या घराघरांत मुरलेलं आहे. नव्या घराच्या दारावर ते लागतं, ऑपरेशनच्या आदल्या रात्री उशाशी असतं, परगावी शिकायला निघालेल्या मुलाच्या पाकिटात घडी घालून जातं. करोनाच्या महिन्यांत तर, मरीचा उल्लेख असलेलं स्तोत्र म्हणून, किती घरांत ते रोज संध्याकाळी मोठ्याने म्हटलं गेलं. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचं वचन म्हणून चिठ्ठी उचलतात, त्यातही ही ओळ हमखास असते. यात गैर काही नाही. संकटातल्या माणसाने धरावं असंच ते स्तोत्र आहे. पण ज्या ओळीला आपण सगळ्यात घट्ट धरतो, नेमकी तीच ओळ मोहात पाडणाऱ्याने निवडली, याचा विचार शांतपणे करायला हवा. त्याने एखादं अवघड, विस्मरणात गेलेलं वचन काढलं नाही. लाडकं वचन काढलं.

आणि ते म्हणताना त्याने काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. मूळ स्तोत्रातली ११वी ओवी सांगते की ‘तुझ्या सर्व मार्गांत तुझे रक्षण करण्याची’ तो आपल्या दूतांना आज्ञा देईल. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान ही ओळ म्हणतो तेव्हा मार्ग आणि रक्षण दोन्ही गळालेले असतात. लूकमध्ये रक्षण आहे, मार्ग नाहीत. आता, वचनाचा एखादा तुकडा उच्चारून बाकीचं ऐकणाऱ्यावर सोडणं यात तसं वावगं काही नाही. प्रेषित पौलही तसं करतो. पण इथे वगळलेल्या तुकड्यातच सगळा मुद्दा आहे. संरक्षणाचा शब्द आहे तो माणूस आपल्या वाटेने चाललेला असताना. मंदिराच्या टोकावरून खाली उडी ही कुणाची वाट नव्हे. शिवाय तो थांबला १२व्या ओवीवर. १३व्या ओवीत सिंह आणि नाग यांना पायांखाली तुडवण्याची गोष्ट आहे. तिथवर त्याला जायचं नव्हतं, यात नवल नाही.

येशूने दिलेलं उत्तर मी कितीदा वाचलं तरी प्रत्येक वेळी त्यातला संयम जाणवतो. तो म्हणत नाही की तू स्तोत्र मोडून म्हटलंस. वाद घालत नाही, गाळलेले शब्द पुरे करून दाखवत नाही. एका शास्त्रलेखाच्या शेजारी दुसरा शास्त्रलेख ठेवतो: ‘परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नकोस.’ हे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं, ६:१६. त्या ओळीलाही पुढे शेपूट आहे: जशी मस्सा येथे पाहिलीत तशी. मस्सा म्हणजे निर्गमच्या १७व्या अध्यायातलं ते ठिकाण, जिथे प्यायला पाणी नव्हतं आणि लोकांनी विचारलं, परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? देवदूत खरोखर येतात का ते बघू म्हणून उडी मारणं हा तोच प्रश्न झाला, फक्त उंचावरून विचारलेला. भरवसा असलेल्या माणसाला असा पुरावा मागावा लागत नाही.

तिन्ही उत्तरं अनुवादाच्या सहा ते आठ या अध्यायांतली आहेत, ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पण ते तीन अध्याय सलग वाचणारे थोडे. २५, २६ आणि २० अशा एकूण ७१ ओव्या. मोठ्याने वाचायला पाऊण तासही लागत नाही. मवाबाच्या मैदानात, नदीच्या अलीकडे उभा असलेला मोशे ज्यांना उद्या पलीकडे जायचं आहे त्यांच्याशी बोलतोय, आणि त्या बोलण्यात रानातली ४० वर्षं आहेत. इकडे यहूदीयाच्या रानात येशूचे ४० दिवस चालू आहेत. यरीहोच्या पश्चिमेला आजही जो डोंगर परंपरेने दाखवतात, त्याच्या कड्याला चिकटून एक ग्रीक ऑर्थोडॉक्स मठ आहे. डोंगर कोरड्या चुनखडीचा. अशा जागी उपाशी माणूस त्या तीन अध्यायांत राहत असावा, असं मला वाटतं. ऐनवेळी शोधून काढलेली उत्तरं अशी एकाच पट्ट्यातून येत नाहीत.

पहिलं उत्तर भाकरीचं. ‘मनुष्य केवळ भाकरीने नव्हे’ एवढं तर चर्चशी संबंध नसलेल्या माणसालाही ठाऊक असतं, आणि त्याचा अर्थ भाकरी क्षुल्लक आहे असा लावला जातो. अनुवाद ८:३ पूर्ण वाचलं की तो अर्थ टिकत नाही. तिथे म्हटलंय की देवाने तुला उपाशी ठेवलं आणि मग तुला ठाऊक नसलेला मान्ना खाऊ घातला. म्हणजे वचन भुकेविरुद्ध नाहीच. भूक कोण भागवणार, एवढाच प्रश्न आहे. मान्नाचा शिरस्ता निर्गम १६मध्ये बारकाव्यांनिशी दिलाय. माणशी एक ओमेर, म्हणजे आपल्या मापाने साधारण दोन लिटर. रोज सकाळी गोळा करायचा, ऊन चढलं की वितळून जाई. कुणी जास्त घेतलं, कुणी कमी, मापून पाहिलं तर दोघांचं सारखंच भरलं. सकाळसाठी राखून ठेवलेल्यात किडे पडले आणि घाण सुटली. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायचा, आणि तो सातव्या दिवशी नासायचा नाही. भरवसा ठेवा असा उपदेश करण्याऐवजी देवाने तो माप देऊन शिकवला, रोज दोन लिटर, ४० वर्षं. धोंड्यांच्या भाकऱ्या करायला नकार देणाऱ्याच्या मागे ही सगळी सवय उभी आहे. बाप भाकरी देईल, मग ती चोरून कशाला करायची?

आणि बापाने दिलीच. मत्तय ४:११ हे वाक्य आपण घाईत वाचून पुढे जातो: सैतान त्याला सोडून गेला आणि देवदूत येऊन त्याची सेवा करू लागले. उडी न मारता देवदूत आले. भाकरी पुढे त्याच्याच हातून आली, रानातच, पाच भाकऱ्या पाच हजारांना पुरल्या, पण दुसऱ्यांच्या भुकेसाठी. आणि ज्या डोंगरावर जगातली राज्यं दाखवून नमन मागितलं गेलं, त्याचंही उत्तर मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात गालीलातल्या एका डोंगरावर मिळतं, स्वर्गातला आणि पृथ्वीवरचा सर्व अधिकार मला दिलेला आहे. तिन्ही गोष्टी मिळाल्या. वाट निराळी होती, तिच्यात क्रूस होता.

म्हणून वाटतं, मोहाचं मर्म वस्तूत नसतं. एदेन बागेतही सापाचा पहिला प्रश्न फळाच्या चवीबद्दल नाही. देवाने खरंच असं म्हटलंय का, असा आहे. देवाने आदामाला सांगितलेलं आणि हव्वेने सापाला सांगितलेलं एकमेकांशेजारी ठेवून बघावं (उत्पत्ती २:१६-१७ आणि ३:२-३). देवाच्या बोलण्यात मोकळीक आधी येते: बागेतल्या कुठल्याही झाडाचं पोटभर खा. हव्वेच्या बोलण्यात ती मोकळीक आक्रसते, आणि स्पर्शही करू नका ही मूळ आज्ञेत नसलेली भर पडते. देव थोडा कंजूष, थोडा जाचक वाटू लागला की पुढचं काम सोपं असतं. येशूच्या बाबतीतही सुरुवात ‘तू देवाचा पुत्र आहेस तर’ अशी होते, आणि त्याच्या जेमतेम काही ओळी आधी, यार्देनेच्या काठी, आकाशवाणी झालेली असते की हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे. त्या वाणीवर विश्वास ठेवायचा, की धोंड्यांच्या भाकऱ्या करून ती तपासायची?

आता हेच आपल्या रोजच्या जागी आणून बघू. समजा, एका सरकारी बांधकामाच्या स्टोअरवर माणूस आहे. संध्याकाळी ट्रक येतो. चलनावर सिमेंटच्या १०० गोणी, उतरल्या ९३. ठेकेदाराचा माणूस पेन पुढे करतो, सोबत एक पाकीट. मुलीची फी थकलेली आहे, आणि आठवडाभर त्यासाठीच प्रार्थना चालली आहे. इथे सैतान शिंगं घेऊन येत नाही. मनात येतं, ‘माझा देव तुमची सर्व गरज पुरवील’ असं लिहिलंय ना, फिलिप्पै ४:१९? हेच ते पुरवणं असेल. वचन खरं, गरज खरी, प्रार्थनाही खरी. अशा वेळी त्या माणसाला उपयोगी पडतं ते दुसरं, अगदी रुक्ष वाटणारं वचन, अनुवाद २५:१३: पिशवीत एक जड आणि एक हलकं अशी दोन वजनं ठेवू नकोस. हे कुठल्या कॅलेंडरवर छापत नाहीत, चिठ्ठीत निघत नाही. म्हणून शास्त्र माहीत असणं म्हणजे आवडीची २०-२५ आश्वासनं तोंडपाठ असणं नव्हे, असं मी आग्रहाने म्हणेन. नुसत्या आश्वासनांवर वाढलेला माणूस या स्टोअरवर सगळ्यात लवकर सही करतो, कारण त्याच्याकडे प्रत्येक पाकिटासाठी एक वचन तयार असतं.

पाठांतराबद्दल त्यामुळे थोडं नेमकं सांगायला हवं. सुटी वचनं पाठ करण्यापेक्षा एक अख्खा अध्याय घ्यावा. सुरुवातीला अनुवाद ८ उत्तम, २० ओव्यांचा आहे. पहिल्या दिवशी पाठ काहीच करायचं नाही, सगळा अध्याय तीनदा मोठ्याने वाचायचा. दुसऱ्या दिवसापासून रोज दोन ओव्या. आधी जुन्या म्हणून दाखवायच्या, मग नव्या घ्यायच्या, आणि प्रत्येक ओवीच्या आधी आणि नंतर तिचा आकडा म्हणायचा. अकराव्या दिवशी अध्याय पुरा होतो. पुढचे दहा दिवस रोज एकदा, मग आठवड्याला, मग महिन्याला. बिघाड कुठे होतो तेही ठरलेलं आहे. आपण दर वेळी पहिल्या ओवीपासून सुरू करतो, म्हणून सुरुवात पक्की होते आणि मधला भाग कच्चा राहतो. मधूनमधून ११व्या ओवीपासून सुरुवात करावी. सहावा आणि आठवा अध्याय दोन्ही पाठ केले की ६:१२ आणि ८:११ एकमेकांत मिसळतात, कारण दोन्हीकडे परमेश्वराला विसरू नकोस असाच इशारा आहे आणि दोन्हीकडे पोट भरल्याचा उल्लेख जवळच आहे. तिथे कागदावर दोन्ही शेजारीशेजारी लिहून फरक बघावा. भाषांतर एकच धरावं. दोन भाषांतरांतले शब्द मिसळले की जीभ अडखळते. आणि छापील पवित्र शास्त्रावरून पाठ करावं, कारण ओवी पानाच्या कुठल्या बाजूला, कशाच्या खाली आहे हेही लक्षात राहतं. फोनवर वचन एकटं येतं, शेजारपाजार नसलेलं. मोहात पाडणाऱ्यालाही ते असंच हवं असतं.

कानाने आणि तोंडाने शास्त्र धरून ठेवण्याची आपल्या मातीला सवय आहे. पंडिता रमाबाईंना लहानपणी आईने तोंडी शिकवून भागवताचे श्लोक मुखोद्गत करवले होते. तीच बुद्धी पुढे केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराला लागली, साध्या बाईमाणसाला कळेल अशा बोलीत, आणि १९२२च्या एप्रिलमध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच कामात राहिली. आणि कोकणातले बेने इस्राएल ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले. त्यांची परंपरा सांगते की पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ हाताशी नसताना, हिब्रू विसरली असताना, ‘शेमा’ तेवढी त्यांच्या तोंडी टिकून राहिली. शेमा म्हणजे अनुवाद ६:४, हे इस्राएला, ऐक. ज्यू घराच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा नावाची डबी असते, तिच्यात गुंडाळलेल्या चर्मपत्रावरचा पहिला उतारा ६:४ ते ९ हा असतो. मत्तयात येशूने सैतानाला दिलेलं शेवटचं उत्तर ६:१३ आहे, तो उतारा जिथे थांबतो तिथून चारच ओव्या खाली. ज्यू घरातल्या मुलाने येताजाता ज्या मजकुराला हात लावायचा, त्याला लागूनच ते उत्तर होतं.

पण पाठांतराने भागलं असतं तर दावीद राजा मोहात पडला नसता. मोहाची पायरी न्‌ पायरी २ शमुवेल ११मध्ये लिहिलेली आहे. राजे लढाईला निघण्याचे दिवस, हा यरुशलेमेत. संध्याकाळी पलंगावरून उठला, गच्चीवर फिरू लागला, एक बाई दिसली, चौकशी केली, माणसं पाठवली. चौकशी आणि माणसं पाठवणं यांच्यामध्ये एक वाक्य येतं, आणि ते कुणा नाव नसलेल्या सेवकाचं आहे: ती एलीयामाची मुलगी, उरीया हित्तीची बायको बथशेबा ना? १ करिंथ १०:१३मध्ये पौल म्हणतो की देव परीक्षेबरोबरच तिच्यातून निभावण्याचा उपायही करील. आपण त्या उपायाला काहीतरी दिव्य समजून वाट बघतो. दावीदाला तो मिळाला होता, नोकराच्या एका साध्या वाक्यात, बाईचं नाव आणि तिच्या नवऱ्याचं नाव. स्टोअरवर तो उपाय हमालाच्या तोंडून येतो: साहेब, पुन्हा मोजून घेऊ का? हो म्हणायला दोन सेकंद पुरतात, आणि त्या दोन सेकंदांत देव आपली गरज पाकिटाशिवाय भागवील यावर भरवसा आहे की नाही, एवढंच ठरतं. योसेफाकडे तर लिहिलेलं शास्त्रही नव्हतं. त्याच्या मालकाची, पोटीफराची बायको दररोज मागे लागे, आणि तो दररोज नाही म्हणे. झगा टाकून पळण्याचा दिवस त्यानंतर आला. रोजच्या नकाराने पायाला ती सवय लागलेली होती.

लूक आणखी एक गोष्ट नोंदवतो: सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. म्हणजे परत येणार होता. क्रूसाखाली ‘तू देवाचा पुत्र असलास तर खाली ये’ हे ओरडणारे माणसंच होती, पण वाक्य रानातलं आहे. तिथेही येशूच्या ओठांवर स्तोत्रंच आहेत, २२वं आणि ३१वं. फरक एवढाच की आता समोरच्याला द्यायचं उत्तर उरलेलं नाही. ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ हे बापाला उद्देशून आहे. जन्मभर पाठ केलेलं शेवटी प्रार्थना होऊन बाहेर पडतं, याहून मोठं काही पाठांतरातून मिळवायचं असेल असं मला वाटत नाही.

आणि सही झालीच तर? त्या रात्री तोच आवाज पुन्हा शास्त्र घेऊन येतो, आणि पुन्हा अर्धंच. ‘पापाचे वेतन मरण आहे.’ रोम ६:२३, एवढ्यावर वाक्य तोडलेलं. मग माणूस प्रार्थना सोडतो, प्रभुभोजनाला मागच्या बाकावर बसून राहतो, आणि पुढचं चलन आलं की म्हणतो, आता काय राहिलंय. त्याला उरलेलं वाक्य ऐकवणारा कुणीतरी मंडळीत असायला हवा, ‘पण देवाचे कृपादान’ इथून पुढचं. पाळकांचं पहिलं काम ते आहे. आणि ते ऐकल्यावर काय करायचं तेही शास्त्राने मोघम ठेवलेलं नाही. लेवीय ६ सांगतं: घेतलेलं सगळं परत, वर त्याचा पाचवा हिस्सा, आणि ज्याचं त्याच्या हाती, दोष कबूल करतो त्याच दिवशी. अर्पण त्यानंतर. त्या माणसाने सकाळी वरिष्ठांकडे जाऊन चलन दुरुस्त करून घ्यावं, १०० खोडून ९३ करावं, शेजारी सही करावी, पाकीट जसंच्या तसं समोर ठेवावं, आणि फीची मुदत वाढवून मागायला त्याच दिवशी शाळेत जावं.